एक वाजताची रिक्षा

दि. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बायकोनं पाठवलेला फोटो पाहिला. शर्टाचं खालचं बटण किती दिवस तग धरेल याची काळजी वाटली. आता तुला बारक्या म्हणणं शोभत नाही, पण चाळीस वर्षांची सवय कुठे मोडायची. फोनवर आपण दोघं दुसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो आणि अप्पा आतल्या खोलीतून सगळं ऐकतात, म्हणून लिहायला बसले.

निवडणूक कचेरीचं पत्र आलंय. मतदान केंद्रासाठी शाळा पाच दिवस ताब्यात द्यायची आहे. मुख्याध्यापिका म्हणून दर वेळी मी सही करून देते. या वेळी हरकत घेतली आहे आणि तीन पानांचं उत्तर पाठवलं आहे.

मागच्या निवडणुकीत काय झालं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. दुसरीतल्या एका मुलीची आई लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. घरात दुसरं मोठं माणूस नाही. शाळा बंद आणि आईला सुट्टी मिळेना, तेव्हा तिनं मुलीला आणि दोन वर्षांच्या भावाला घरात ठेवून बाहेरून कडी घातली. तिसऱ्या दिवशी भाऊ रडायला लागला म्हणून पोरीनं दूध तापवायला स्टोव्ह पेटवला. भाऊ वाचला. हिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, बोटं एकमेकांना चिकटून राहिली. आता ती चौथीत आहे आणि डाव्या हातानं लिहिते. तिची आई मला एका शब्दानं बोलली नाही. एवढंच म्हणाली की बाई, शाळा असती तर ती शाळेत असती. ते वाक्य दोन वर्षं माझ्या मानेवर बसलं आहे.

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, शाळा तुझी, तू ठरव. मग पेपर उघडून बसले, पण तासभर पान काही उलटलं नाही. शाळेतले सगळे नळ त्यांच्याच हातचे, आणि मत द्यायला जाताना वाटेत प्रत्येक नळ पिळून बघायचा हा त्यांचा नेम. गुडघे आता अगदीच गेलेत. प्लंबरनं आयुष्यभर गुडघ्यांवर बसायचं आणि म्हातारपणी गुडघ्यांनी त्याला बसवून ठेवायचं, असं ते स्वतःच म्हणतात.

तुझं मत कळव. पटणार नाही हे माहीत आहे, तरी कळव.

माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या मुलीचं वाचून जेवण गेलं नाही. असं काही मनात ठेवून दोन वर्षं काढायची आणि मला सांगायचं नाही, ही तुझी जुनीच खोड.

तरीही मला तुझं पटत नाही. जमीन मोजणी खात्यातून मला आजवर चार वेळा मतदानाच्या ड्युटीवर धाडलं आहे. दोनदा शाळेत, एकदा मंगल कार्यालयात, एकदा गुरांच्या दवाखान्यात. शाळेत सगळ्यांना वाट माहीत असते, खोल्या भरपूर असतात, संडास असतो, पाणी असतं, टेकायला बाक असतो. दवाखान्यात एक गरोदर बाई अडीच तास उभी होती. मी तिला माझी खुर्ची दिली, तर पक्षाच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली. शाळेतून हलवलेलं केंद्र कुठेतरी लांब जातं, आणि लांब गेलं की आधी म्हातारे गळतात, मग बायका.

पाच दिवस जास्तच आहेत. भांडून ते दोनावर आण. ज्यांच्या घरी कोणी नाही अशा पोरांची काही सोय करायला लाव. पण केंद्रच उठवू नकोस. आपलं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे म्हणून अप्पांनी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. त्यांनी तुला ठरव म्हटलं, कारण तुझ्यापुढे त्यांचं कधीच काही चाललं नाही. आमचं तरी कुठे चालतं.

बटण टिकून आहे. रागावलीस तरी पत्र मात्र लिही.
तुझा,
बारक्या


दि. ४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

माझी हरकत मान्य झाली. बैठकीत माझं पत्र मुलीच्या हाताच्या भागासकट वाचून दाखवलं म्हणे. मतदानाच्या दिवशी, सत्तावीस तारखेला, शाळा नेहमीसारखी भरणार. पालकांपैकी निम्मे तरी येऊन भेटून गेले. लाँड्रीतली ती बाई शाळेच्या फाटकात थोडा वेळ नुसती उभी राहिली आणि कामाला गेली.

आता तू म्हणालास तेच झालं आहे. केंद्र रुळांपलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात हलवलं. कारखाना बंद पडून वर्षं झाली, पत्र्याची मोठी शेड तेवढी आहे. समोरचा शिंपी माझ्याशी बोलायचा बंद झाला आहे. त्याची आई काठी घेऊन चालते.

अप्पांची व्यवस्था मी केली आहे. मधली सुट्टी एक वाजता होते. तेव्हा रिक्षा घेऊन घरी यायचं, त्यांना नेऊन मत देऊन परत आणायचं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, एवढी वरात कशाला. पण दुसऱ्या दिवशी बुटांना पॉलिश करत बसले होते.

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. उरलेल्याचं काय करायचं ते कळत नाही.

रागावलेला असशील तर राग संपल्यावर लिही, पण लिही.
तुझी ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नकाशा काढून मोजलं. घरापासून शाळा एकशे चाळीस मीटर. घरापासून कारखाना पायी एकोणीसशे मीटर, त्यात रुळांवरच्या पुलाच्या बावन्न पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. रिक्षानं जायचं तर रेल्वेच्या फाटकावरून वळसा, चार किलोमीटर.

तू सांगितलंस म्हणून मी विश्वास ठेवतो. एक वाजता म्हणजे एक वाजता.

अप्पांना नमस्कार.
बारक्या


दि. १६ एप्रिल

ताई,
सा. न.

घरी होतो तेव्हा बोललो नाही. येणारी-जाणारी माणसं होती, आणि तू शाळेची वही मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होतीस, तुझ्याकडे बघून तोंड उघडेना. इथे परत आल्यापासून मात्र रोज मनात तुझ्याशी भांडतो, म्हणून लिहूनच टाकतो.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा अप्पांना शुद्ध नव्हती. दोन दिवस मी त्यांचा हात धरून बसलो. तळहातावरचे पान्याचे घट्टे अजून तसेच होते. त्यांना काय सांगायचं होतं, काही सांगायचं होतं की नाही, काहीच कळलं नाही, आणि पाचव्या दिवशी संपलं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेला, भर उन्हात एकटा तो पूल चढला. तुला दोनशे पोरांची काळजी होती. घरातलं एक माणूस मोजायचं राहिलं. तू मला एक वाजता म्हणून लिहिलं होतंस. एक वाजता तू कुठे होतीस ते मला कळलंच पाहिजे.

आणि दुसरं. त्यांनी मत दिलं का. हे विचारणं वेडेपणाचं आहे, पण रोज रात्री हाच प्रश्न येतो. तेवढं तरी झालं होतं का, सांग.

शेवटी काय लिहायचं असतं ते या वेळी सुचत नाही.
बारक्या


दि. २२ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तू विचारलंस ते बरं केलंस. घरात कोणी विचारलं नाही, सगळे मला चहा देत राहिले.

त्या दिवशी बारा वाजता शिक्षण खात्याचे तपासनीस न सांगता आले. ज्या शाळेनं केंद्र नाकारलं ती खरंच भरली आहे का, हे बघायला. एकेका वर्गात जाऊन ते हजेरी मोजत होते. मी एकला अप्पांना फोन केला आणि उशीर होईल, तीनला नक्की येते, असं सांगितलं. ते म्हणाले, सावकाश ये, घाई नाही. आवाज अगदी नेहमीचा होता. त्यांच्या पायात तेव्हा बूट होते हे मला फोनमधून कसं कळणार. तपासनीसांना मी सांगू शकले असते की वडिलांना न्यायचं आहे, अर्धा तास द्या. मी सांगितलं नाही. मला वाटलं, ते म्हणतील, बाईंना स्वतःच्या घरच्याचीच सोय बघायची आहे. माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी गप्प राहिले. खरं कारण हे आहे.

अडीचला तपासनीस गेले. पावणेतीनला मी रिक्षा घेऊन घरी आले तर दाराला कुलूप, किल्ली शेजारी. फाटकाच्या वळशानं कारखान्यापर्यंत गेले, ते दिसले नाहीत. लाँड्रीतली ती बाई पुलाकडून धावत आली आणि तिनं मला नेलं. पलीकडच्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर अप्पा पडले होते. तिनं आपल्या ओढणीची घडी करून त्यांच्या डोक्याखाली ठेवली होती.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो. मत देऊन झालं होतं.

त्यांची हत्यारांची पेटी तशीच कोपऱ्यात आहे. तुला हवी असेल तर ने. नको असेल तर इथेच राहू दे.

माझ्यावर राग धर, पण मला टाकू नकोस.
तुझी ताई


दि. १९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही. रागावलो आहे असं तुला वाटलं असेल. तसं वाटू देणं मला सोयीचं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी अप्पांना फोन केला होता. हे तुला त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही. ते म्हणाले, ताई एकला रिक्षा आणणार आहे. तिला शाळेतून निघता आलं तर जाऊ, नाहीतर या खेपेला राहू दे, गुडघा फार ठणकतो आहे. ताई, ते राहू दे म्हणत होते. त्यांची काही तक्रार नव्हती.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही घरी बसलात तर केंद्र हलवून कोणाचंच काही अडलं नाही असं ताईला वाटेल. रिक्षा नाही आली तर चालत जा. तिला कळू दे. ते हसले आणि बरं म्हणाले. नंतर माझ्या पोरांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

तुला हरवायला दुसरा मुद्दा उरला नव्हता, म्हणून मी त्यांना पुढे केलं. आणि हे सगळं माहीत असताना मी तुला ते सोळा तारखेचं पत्र लिहिलं. तू उत्तरात स्वतःला सोललंस, आणि मी ते वाचून गप्प बसलो. त्यांनी मत दिलं होतं असं तू लिहिलंस, त्यावर मी दोन महिने काढले. निदान गेले त्या कामाचं चीज झालं, असं स्वतःला सांगत होतो. आता तेही पुरत नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मला समजेल. देशील तर बरं होईल.
तुझा,
बारक्या


दि. ३० जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी ओट्याशी उभी राहून वाचलं. मग पुन्हा वाचलं. चार दिवस तुझा इतका राग आला की अप्पांचा फोटो उचलून कपाटात ठेवला, कारण ते तुझी बाजू घेतील असं वाटायला लागलं. पाचव्या दिवशी काढून परत लावला.

तू खरं लिहिलंस, तर मलाही लिहिलं पाहिजे. अप्पांनी मत दिलं नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं. लाँड्रीतली ती बाई त्यांच्या मागेच रांगेत होती. तिनं सांगितलं की ते पाऊण तास उभे राहिले. मग त्यांनी कोणालातरी खुर्ची मागितली. शेडमध्ये जादा खुर्ची नव्हती. त्यांच्यापुढे अजून वीसेक माणसं होती. ते तिला म्हणाले, माझी मुलगी तीनला येणार आहे, तिच्याबरोबर येतो परत, आणि वळले. त्यांची चाल बरी दिसेना म्हणून ती रांग सोडून मागोमाग गेली. तिचंही मत राहिलं. तुला हे सांगून काय मिळणार, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, मलाच ते ऐकवत नव्हतं.

ते तुझ्या बोलण्यावरून गेले की माझ्या उशिरामुळे, हे आपण दोघांनी ठरवू नये. ठरवायला बसलो तर आपल्यात बोलायला दुसरं काही उरणार नाही. तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

आता इथलं. नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आहे आणि कचेरीचं पत्र आलं आहे. मी म्हटलं, रस्त्याकडच्या दोन खोल्या घ्या, बाकी शाळा चालू द्या. ते म्हणाले, सुरक्षेच्या नियमात बसत नाही, इमारत पूर्ण हवी. पाचाचे चार दिवस तेवढे केले. मी लाँड्रीतल्या बाईकडे गेले आणि तिलाच विचारलं. तिनं इस्त्री न थांबवता सांगितलं की शाळा चालू ठेवा, मी मत देत नाही. मग शिंप्याच्या आईकडे गेले. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि मला बसायला पाट दिला.

काल मी सही केली. शाळा दिली.

ज्यांच्या घरी दिवसा मोठं माणूस नसतं अशी मुलं मोजली, ती एकसष्ट निघाली. चार दिवस आपल्या घरी वर्ग भरवणार आहे, बाहेरच्या खोलीत आणि अप्पांच्या खोलीत. त्यांची कॉट काढली. दाटीवाटीनं बसवली तरी तीस मुलं मावतात, त्यापुढे नाही. आसपास दोघा-तिघांना विचारलं, कोणी घर द्यायला तयार नाही. काल रात्रीपासून यादी करते आहे. भाजलेल्या हाताच्या मुलीचं नाव पहिलं लिहिलं, मग ज्यांच्या घरी तान्ही भावंडं आहेत त्यांची. अठ्ठावीस झाली. उरलेल्या दोन जागांसाठी तेहेतीस नावं समोर आहेत आणि माझा हात पुढे सरकत नाही. एकटीनं हे ठरवायची हिंमत आता माझ्यात नाही.

रजा मिळत असेल तर ये. दोन दिवस पुरे. भांडायला आलास तरी चालेल.

वाट पाहते आहे, एवढं ओळखून घे.
तुझी ताई