चौदाचा बोल्ट

२ नोव्हें., रवि.

...तरी आईला पटलं नाहीच. सकाळी चहावर परत तेच. "झाडां तोडूची मशिनां घरात आणून ठेवतंस. तू आजपर्यंत शेवग्याची शेंग तरी काढलंस?" नाही काढली. शेल्फवर दोन जुन्या चेनसॉ आहेत, भंगारातून आणून मीच उभ्या केलेल्या, दोन्ही चालतात, आणि दोन्हींनी माझ्याकडे आल्यापासून एक फांदी कापलेली नाही. पण मला कापायचं नसतंच. बंद पडलेली मशीन परत बोलायला लागते तेवढंच हवं असतं. हे आईला मालवणीत कसं सांगायचं ते येत नाही, आणि इंग्लिशमध्ये सांगितलं तर ती हसते.

आई मग वाळपईला मावशीकडे गेली, महिनाभरासाठी. बाबा वास्कोला, पोर्टवर, महिन्यातून दोनदा येतात. माझा दोस्त रोहन लंडनला गेल्यापासून डिचोलीत असा कोणी नाही ज्याला कार्ब्युरेटर उघडून दाखवावा. त्याला फोटो पाठवला की अंगठा येतो. नुसता अंगठा.

पण आज माणूस आला! बाबलमामा. परवाच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेट झालेली. भंगारवाल्याकडे मी एका चेनसॉची दोरी ओढत होतो, मागून आवाज: "आरे, तशें ओढूं नाका. पयलीं हळू ओढून कॉम्प्रेशन खंय लागता तें पळे, मागीर ओढ." सत्तरीचा असेल. पेडण्याकडचा, चाळीस वर्षं झाडं कापली. तिथेच उभ्या उभ्या तासभर बोललो. आज बसने डिचोलीला आला, तांदळाच्या गोणीत आपली चेनसॉ घालून. तो तिला 'कटर' म्हणतो. ऐंशीच्या दशकातली, जर्मन, सात किलो तरी. वर्षभर बंद. "प्लग धरना. चालू केली की प्लग थुंकता."

टॉर्च लावून बघितलं. स्पार्क प्लगच्या भोकातले आटे गेलेत. म्हटलं होईल. होईल ना?

जाताना, "इंग्लिशीत शिकला मू तू? मशिनाकडेय इंग्लिशीत उलयता काय कितें?"

४ नोव्हें.

स्कूटर सर्व्हिसिंगच्या कामावरून आल्यावर वरचं कव्हर काढून सिलिंडर धुतला. काहीतरी विचित्र आहे. प्लग तिरका बसवून आटे गेले की एक बाजू खाल्लेली दिसते. इथे तसं नाही. बारीक आट्यांच्या वरून दुसरे जाड आटे सरळ खोलवर गेलेत. कोणीतरी चौदाचा, म्हणजे चौदा मिमी जाडीचा, साधा बोल्ट पान्याने जोर लावून आत घातलाय. प्लगही चौदाचाच असतो, त्यामुळे बोल्ट सुरुवातीला लागतो. पण प्लगचे आटे सव्वा मिमी अंतराचे, बोल्टचे दोन. अ‍ॅल्युमिनियम बिचारं काय करणार.

चुकून असं होत नाही. दुसऱ्या फेऱ्यालाच हाताला कळतं की जात नाहीये. याने सहा-सात फेरे मारलेत.

किट ऑर्डर केलं. भोक मोठं करून नवे आटे पाडायचे, त्यात तारेची स्प्रिंगसारखी कॉइल बसवायची, मग प्लग त्या कॉइलच्या आत. मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं.

९ नोव्हें., रवि.

बा.मा. परत आला. काही काम नव्हतं, किट आलेलं नाही हे फोनवर सांगितलेलं. तरी आला. केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. सोबत मामीने दिलेला डबा, तांबडी भाजी आणि सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर. दोघे बाकावर बसून जेवलो. मी कार्ब्युरेटर उघडला, तो एकेक भाग हातात घेऊन सांगत होता. डाव्या हाताने स्क्रू उचलताना दोनदा खाली पाडला. "बोटां भोंव आळशी जाल्यांत," म्हणाला.

जाड आट्यांचं विचारलं, तर चेहराच बदलला.

"वसंताचें काम. आनी कोणाचें!"

वसंतमामा म्हणजे त्याच्या गावातले मेकॅनिक. तीस वर्षं याची कटर तेच बघायचे. गेल्या वर्षी पावसानंतर याने सर्व्हिसिंगला दिली, आणली, आठ दिवसांनी चालू करायला गेला तर प्लग उडाला.

"तीस वर्सां एका ताटांत जेवलांव. आतां रस्त्यार मेळ्ळो तरी हांव तोंड फिरयतां. म्हणटा, हांवें करूंक ना. देवळांत नारळ धरून शपथ घेवपाक तयार जालो!"

"मग धरला नारळ?"

"तुजे मामीन आडायलो. म्हणपाक लागली, एका प्लगा खातीर देवाक मदीं हाडूं नाका."

साडेतीनच्या बसला सोडलं. परत येऊन दोन कप धुतले. सिंकमध्ये रोज एकच असतो.

११ नोव्हें.

किट आलं. दुपारीच. उघडलं नाही.

१३ नोव्हें.

बा.मा.चा फोन. "आयलें?"

"नाही मामा, कुरियर अडकलंय."

का बोललो असं? खरं लिहितो, इथे तरी. केलं की संपलं. कटर गोणीत जाईल, गोणी बसमध्ये. मग रविवारी काय.

तोच म्हणाला, "जांव दी. तर मगे आयतारा तूच यो आमगेर. पंप धडधडटा, तोय पळे."

१६ नोव्हें., रवि.

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहायला हवं.

स्कूटरने दहाला पोचलो. छोटं घर, पुढे सोपो, म्हणजे ओसरी, मागे विहीर. मामी ठेंगणी, चटपटीत. "हो तो इंजिनेर? हाका कोण जेवण घालता काय ना घरा?" जेवण म्हणजे काय, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. मी लाजत तीनदा भात घेतला. बा.मा. सारखं मामीला चिडवत होता. मीठ कमी, मीठ जास्त. तीही सोडत नव्हती. कितीतरी दिवसांनी जेवताना एवढा आवाज ऐकला.

जेवून बा.मा. पोदेराकडे, बेकरीत, उंडे पाव आणायला गेला. मी विहिरीवर. पंप चार बोल्टांवर बसवलाय. तीन घट्ट, चौथा सैल, म्हणून धडधड. काढला. आट्यांच्या खाचांमध्ये रुपेरी काहीतरी भरलेलं. खिळ्याने टोकरलं. मऊ. अ‍ॅल्युमिनियम.

पंप बिडाचा. बोल्ट लोखंडी. अ‍ॅल्युमिनियम कुठून येणार?

चौदाचा बोल्ट. मोजायची गरज नव्हती, तरी खिशातलं आट्यांचं गेज लावलं. दोन मिमी.

मान वर केली तर मामी बालदी घेऊन उभी. बालदी रिकामीच.

"मेळ्ळें मरे तुका?"

मी बोल्ट पुढे केला.

"गेल्या वर्सा पावसांत रस्त्यार पणस पडिल्लो. तो कापतना पांयार घेतली ताणें कटर. हातांतल्यान निसरली तें ताका कळूंकच ना. ताचीं बोटां धवीं पडून बधीर जातात, हातांत कितें आसा तेंय कळना. पांयाकडे पळयलेंच ना. चप्पल रगतान भरली, आनी हो कापीत उरलो. हांवें बोब मारली तेन्ना थांबलो." मग, "टाके पडले. जाग्यार पडून म्हणपाक लागलो, बरो जालों की सोनाराल्या आंगणांतलो आंबो कापपाचो आसा. मागीर कटर वसंताकडल्यान सर्व्हिसिंग जावन आयली तेन्ना हांवें हें केलें. पंपाचोच बोल्ट, पंपाचोच पानो घेतलो."

"आणि वसंतमामा?"

"वसंताचें नांव येतलें म्हण हांवें चिंतूंकच ना." पदर बोटाला गुंडाळत होती. "तो नारळ धरपाक आयलो, म्हणून हांवें आडायलो."

बालदी खाली ठेवली.

मी विचारलं, "मग करू की नको?"

"वर्सभर टीव्ही मुखार भुतासारको बसलो. तोंडांतल्यान एक उतर ना. कटर तुजेकडे हाडली आनी उलोवपाक लागलो. आतां म्हजेकडे झगडटा सुद्दां." हसली, आणि लगेच हसू गेलं. "माका विचारूं नाका. तुका कितें दिसता तें कर."

तेवढ्यात बा.मा.ची हाक, उंडे गरम आहेत म्हणून. मामी बालदी भरायला लागली. मी चौथा बोल्ट पुसून परत लावला. पुसला का? माहीत नाही. हात आपोआप गेला.

१७ नोव्हें.

कामात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचीच स्कूटर काढून दिली.

मामीवर राग यायला हवा का? येत नाही. वसंतमामांना मी कधी बघितलेलं नाही, पण त्यांचाच विचार येतोय. वर्षभर, न केलेल्या गोष्टीसाठी.

आणि मी तरी कोण? किट कपाटात आहे.

२० नोव्हें.

आज केलं. ठरवून नाही. आई अजून मावशीकडेच होती, घर गप्प होतं, हाताला काहीतरी हवं होतं.

पिस्टन अगदी खाली नेला. आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस, म्हणजे चुरा आत न पडता त्यालाच चिकटतो. पाव फेरा पुढे, थोडा मागे. दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसायचं, परत ग्रीस. घाई केली तर तिरका जातो आणि मग सिलिंडर खरंच भंगार. दीड तास लागला. श्वास रोखून करत होतो बहुतेक, नंतर छाती दुखली. मग कॉइल, आणि कॉइलच्या खालचा तारेचा तुकडा मोडून चिमट्याने बाहेर. प्लग हाताने लावला. एका बोटाने फिरत गेला, तळाला बसला, थांबला.

इतकं सुंदर काम आजवर केलं नव्हतं. मामीचे जाड आटे कुठेच उरले नाहीत. आता कोणी टॉर्च लावून बघितलं तरी काय झालं होतं ते कळणार नाही.

ते लक्षात आल्यावर बसलो तसाच.

२२ नोव्हें., शनि.

दुपारी अंगणात चालू केली. आधी हळू ओढून कॉम्प्रेशन बघितलं, मग ओढली. तिसऱ्या ओढीला. जाड, घोगरा आवाज. शेजारचे खिडकीतून बघून गेले. पाच मिनिटं चालवली, प्लग हलला नाही.

बंद करतोय तोवर बा.मा.चा फोन. आवाज ऐकला होता की काय असं वाटलं. खोटं बोलता आलं नाही. "चालू झाली मामा," म्हटलं.

 मग, "खरेंच?" लहान पोरासारखं. मग सुटलाच. सोनारांच्या अंगणातला आंबा अजून तसाच आहे, सुकलाय, सोमवारी कापतो म्हणून आत्ताच कळवतो त्यांना. आणि आधी कटर चालू करून वसंताच्या गॅरेजसमोर उभा राहणार. "ताका आयकूं दी. ताणें मोडलें तें एका भुरग्यान सारकें केलें म्हण!"

मी म्हटलं, "मामा, बोटांचं काय?"

"बोटांक कितें जालां? बोटां हातांतच आसात!"

मागे मामीचा आवाज येत नव्हता. भांड्यांचाही नाही.

इथवरचं वहीतून जसंच्या तसं टाइप करून आपल्या मशीन-दुरुस्तीच्या ग्रुपवर टाकतोय, फक्त नावं बदलून. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, तुम्हा कोणालाच मी प्रत्यक्ष भेटलेलो नाही. पण आट्यांबद्दल विचारलं की तुम्ही उत्तर देता, म्हणून हेही विचारतो.

कटर दिली तर सोमवारी तो आंब्यावर असेल. बोटं बधिर, मामी खाली उभी. आणि त्याच्या आधी एका निर्दोष माणसाच्या दारात मी केलेलं काम वाजवून दाखवलेलं असेल. खरं सांगितलं तर वसंतमामा सुटतील, पण त्या घरातलं जेवतानाचं भांडण राहील का? आणि 'चालू झाली खरी, पण आता सिलिंडरला चीर दिसतेय, नाही टिकणार' म्हटलं तर तो मानेल. माझ्या शब्दावर मानेल. परत टीव्हीसमोर जाऊन बसेल, आणि मला हे असंच, एका कपाचं घर. मामीने सोडून दिलंय माझ्यावर. मी तेवीस वर्षांचा आहे, झाड कधी कापलेलं नाही.

उद्या साडेनऊच्या बसने तो रिकामी गोणी घेऊन येतोय. तुम्ही असता माझ्या जागी, तर दिली असती त्याच्या हातात?