सातव्या पर्वाचा शेवट

कॉव्हेन्ट्री,
रविवार, ६ ऑक्टोबर १९७४

प्रिय सिरिल,

स. न. वि. वि. बोटीने तुला दीपगृहावर सोडलं त्याला आज पाच दिवस झाले. आता दोन महिने तू, तो दिवा आणि ते दोघे सहकारी. तिथल्या टीव्हीवर मुंग्यांशिवाय काही दिसत नाही ही तुझी कुरकुर गेली कित्येक वर्षं ऐकतेय. म्हणून कबूल केल्याप्रमाणे काल संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन बसले. 'प्लोव्हरची सफर'चं सातवं पर्व सुरू झालं.

पहिला भाग बरा होता. यान तेच जुनं. कॅप्टन ऑर्डिशच्या खुर्चीला नवं कापड लावलंय आणि कॅप्टनच्या पोटाला नवा पट्टा. गुहेतला एक प्रचंड खडक डॉक्टरीणबाईंच्या कोपराने डुगडुगला, तेव्हा पुठ्ठा कुठे संपतो ते कळलं. पण तुझा टीसडेल मजेत आहे. तसाच लंगडत येतो, नकाशावर वाकतो आणि सगळे घाबरून ओरडत असले की चहा मागतो. शेजारची ग्लॅडिस विचारत होती, एवढं काय लिहून घेतेस, शाळेच्या स्वयंपाकघरात आता परीक्षा घेतात की काय. मी म्हटलं, माझी नाही, भावाची परीक्षा आहे.

डल्सी असती तर म्हणाली असती की पन्नाशी उलटलेली दोन भावंडं उडत्या घमेल्यांवर पत्रं लिहितात, यांना कुणीतरी आवरा. तुझी बायको होती म्हणून नाही, पण इतकं छान टोचून बोलणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. ती गेल्यानंतरची ही तुझी तिसरी खेप. जेवतोस ना नीट? उत्तरात नुसतं 'हो' लिहू नकोस, काय जेवलास ते लिही.

दर रविवारी लिहीन. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आयव्ही

*

कॅरन खडक दीपगृह,
३१ ऑक्टोबर १९७४

प्रिय आयव्ही,

अ. आ. काल बोट आली आणि तुझी चारही पत्रं एकदम हातात पडली. खारवलेलं मांस, बटाटे आणि डब्यातले वाटाणे जेवलो. झालं समाधान?

पत्रं मोठ्याने वाचली. आमचे मुख्य रक्षक स्पार्गो ऐकत नसल्याचं सोंग करून बूट पुसत होते. दुसऱ्या भागावरचं तुझं पत्र संपेपर्यंत एकच बूट पुसला. हॉकिंग आमच्यात धाकटा, त्याला दोन मुली आहेत. तो म्हणाला की तुमच्या बहिणीने सांगितल्यावर प्रत्यक्ष बघायची गरजच उरत नाही.

चौथा भाग तुला कंटाळवाणा वाटला, कारण त्यात काही घडतच नाही, यान अकरा दिवस एका संदेशाची वाट बघत थांबतं. मला तोच सगळ्यात आवडला. ज्याने लिहिलाय त्याने कुठेतरी खरोखर वाट बघितलेली आहे. तिसऱ्या दिवसानंतर माणसं एकमेकांशी फार सभ्यपणे वागायला लागतात, हे त्याला बरोबर माहीत आहे.

लीड्सच्या रूथ ॲपलयार्डचं पत्र आलंय. आपल्या 'प्लोव्हर'-चाहत्यांच्या मंडळाच्या पत्रिकेसाठी यंदाही पूर्ण पर्वाचं परीक्षण मीच लिहावं म्हणते. मी हो कळवलंय. मी पडद्यावर एकही भाग पाहिला नाही हे तिला सांगायची गरज नाही. तुझे डोळे आणि माझी अक्कल, एवढ्यावर काम भागेल.

एक विचारतो. टीसडेल चौथ्या भागात खोकत होता असं तू ओझरतं लिहिलंस. पुढे काय झालं ते कळव. हसशील, पण मार्चपासून उद्या कुणाचं काय होईल अशी काळजी करायला माणूसच राहिलं नव्हतं. आता हा पुठ्ठ्याच्या यानातला म्हातारा आहे.

तुझी आठवण काढणारा,
सिरिल

*

कॉव्हेन्ट्री,
रविवार, २४ नोव्हेंबर १९७४

प्रिय सिरिल,

स. न. वि. वि. काल आठवा भाग झाला, पर्व संपलं. सहाव्या-सातव्यात उगाच लांबण लावली होती हे मागे लिहिलंच आहे. शेवट मात्र चांगला केला.

यंत्रखोलीला आग लागते. दार आतून बंद केल्याशिवाय यान वाचणार नाही आणि टीसडेल आत असतो. मग ते त्याला बाहेर काढतात. कसं ते नीट दिसलं नाही, धूर फार होता. शेवटी तो आपल्या गावी पोचतो, घरात शिरतो, कोट खुंटीला अडकवतो आणि खिडकीपाशी बसतो. बाहेर ऊन असतं. कुणी काही बोलत नाही. एवढंच.

मला सर्दी झालीय, म्हणून थोडक्यात लिहिते. नाताळात पेन्झन्सला तुझ्या घरी येणं जमेलसं वाटत नाही. तू आपली काळजी घे आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
आयव्ही

*

पेन्झन्स,
३ जानेवारी १९७५

प्रिय आयव्ही,

महिनाभर घरी आहे, परवा पुन्हा खडकावर जायचं. नाताळात तू आली नाहीस. सर्दी सहा आठवडे टिकली म्हणजे नवलच.

परीक्षण डिसेंबरमध्येच पाठवलं होतं. पाच पानं झाली, त्यातली दीड त्या शेवटावर. या पर्वात निम्मे भाग ताणलेले आहेत, गुहा त्याच त्या आहेत, पण घरी आलेल्या माणसाला कुणी काही न विचारता नुसतं बसू देणं, एवढं या मालिकेने सात वर्षांत पहिल्यांदा केलं, असं लिहिलं. लिहिताना माझे डोळे भरून आले, हे तुला सांगायला हरकत नाही.

काल रूथचं उत्तर आलं. पोरगी फार सभ्य आहे. सहा वर्षांत तिच्याकडे आलेलं हे सगळ्यात चांगलं लिखाण आहे म्हणते. मग विचारते की शेवट मुद्दामच बदललाय का. कारण दाखवलेल्या भागात टीसडेल दार आतून लावून घेतो आणि जळून जातो. कोट नाही, खुंटी नाही, ऊन नाही. असा शेवट व्हायला हवा होता असं मला सुचवायचं असेल, तर तशी एक ओळ घालावी, म्हणजे वाचणाऱ्यांचा गोंधळ होणार नाही, असं तिचं म्हणणं.

मी टीसडेलसाठी भांडत नाही. तू का केलंस ते कळतं, आणि त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण काल दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय, ती विचारल्याशिवाय मला बोटीत चढवणार नाही.

मार्चमध्ये मी खडकावर अडकलो होतो आणि डल्सीपाशी तू होतीस. मी पोचलो तेव्हा मातीही देऊन झाली होती. तिचा शेवट मला फक्त तुझ्याकडून माहीत आहे. सकाळी तिने माझं नाव घेतलं, मग झोपली आणि झोपेतच गेली, चेहरा शांत होता, असं तू सांगितलंस. आयव्ही, तिथे ऊन होतं का?

जे असेल ते लिही. वाईट असलं तरी.

सिरिल

*

कॉव्हेन्ट्री,
८ जानेवारी १९७५

प्रिय सिरिल,

तीन कागद फाडले, हा चौथा. हे तुला खडकावर कधी मिळेल ते त्या समुद्राला ठाऊक, पण लिहून संपवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ती झोपेत गेली नाही. गुरुवारी पहाटेपासून जागी होती. दुखत होतं, औषधाचा उपयोग होत नव्हता आणि ती घाबरली होती. डल्सी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. दहाच्या सुमाराला तिने चहाचा कप भिंतीवर फेकला. म्हणाली की हा माणूस जन्मात न भेटलेल्या खलाशांसाठी दिवा जाळत बसतो आणि माझ्या खोलीत अंधार आहे. मला बजावलं की सिरिल आला की त्याला सांग, मी त्याच्यावर चिडून गेले, आणि हे शब्द जसेच्या तसे सांग. मी हो म्हटलं.

तासाभराने तिने मला परत जवळ बोलावलं. म्हणाली की ते सांगू नकोस. तो तिथे वर एकटा बसून त्याच एका वाक्याचा कीस काढत बसेल, मला माहीत आहे त्याचा स्वभाव. मी त्यालाही हो म्हटलं. दोन्ही वचनं पाळणं शक्य नव्हतं, मी दुसरं पाळलं. ते शांत चेहऱ्याचं मात्र माझ्या पदरचं. तिने तेवढं मागितलं नव्हतं.

आता उरलेलं. दुपारी तीनला पावसाची चिन्हं होती. तिने विचारलं की दोरीवरचे कपडे आत आणलेस का. मी नाही म्हटलं, तर म्हणाली, मग जा की. मी गेले. चादरी भिजू नयेत म्हणून घाई केली, तरी पाच-सात मिनिटं लागली असतील. टोपली घेऊन परत आले तेव्हा ती गेली होती. डोळे उघडे होते, ते मी मिटले.

तू तिच्याजवळ नव्हतास याचं दुःख तू वर्षभर बाळगलंस. मीसुद्धा नव्हते, सिरिल. मी अंगणात कपड्यांचे चिमटे काढत होते. माणूस तीन आठवडे उशाशी बसतं आणि ज्या सात मिनिटांसाठी बसलेलं असतं तेवढ्यात उठून जातं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू मला काही बोलला नसतास, आणि ते मला सोसलं नसतं.

टीसडेलचं म्हणशील तर, कुणाच्या मरणाची खोटी गोष्ट एकदा सांगून झाली की दुसऱ्यांदा हात चटकन वळतो. माझं चुकलं.

मला लगेच माफ करू नकोस. पण लिहिणं थांबवू नकोस.

आयव्ही

*

कॅरन खडक दीपगृह,
५ फेब्रुवारी १९७५

प्रिय आयव्ही,

अ. आ. तुझं पत्र आज आलं. बोट अजून खाली आहे, वाऱ्याचा नेम नाही, त्यामुळे हे अर्ध्या तासात लिहून द्यायचंय. बरंच आहे, नाहीतर मीसुद्धा तीन कागद फाडले असते.

आधी एक. तुझ्या पत्राने मला बरं वाटलं. तू सांगितलेली ती शांत चेहऱ्याची बाई मला कधी ओळखूच आली नाही. तिच्यासाठी रडायला बसलो की वाटायचं, आपण दुसऱ्याच कुणाच्या घरी आलोय. कप फेकणारी माझी आहे. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने दोन फेकले होते, त्यातला एक माझ्या कानाला चाटून गेला. आणि मरताना कपड्यांची चौकशी करणारीही तीच. तू गेलीस म्हणून काही बिघडलं नाही. तिला खोलीत कुणी नको असेल, आणि डल्सीला कुणी नको असलं की ती त्याला कामाला लावायची. मला आयुष्यभर लावलं.

आता माझं. मार्चमध्ये समुद्र खवळला होता आणि एकोणीस दिवस बोटच येऊ शकली नाही, असं मी तुला सांगितलं. सगळ्यांनाच तसं सांगितलं. ते खरं नाही. मंगळवारी, म्हणजे डल्सीच्या आधी दोन दिवस, जीवरक्षक बोट आली होती. स्पार्गोंचं आतडं फुटायला आलं होतं, म्हणून आम्हीच रेडिओवर बोलावली. त्यांना दोराने खाली सोडलं. डल्सीची तब्येत ढासळल्याचा निरोप माझ्याकडे होता. हॉकिंग म्हणाला की तुम्हीही उतरा, मी एकटा दिवा सांभाळतो, कुणाला कळणार नाही. बोटीवरचा माणूस खालून हात हलवून बोलावत होता. मी नकाराची मान हलवली.

एकट्या माणसाला चक्कर आली, तो जिन्यावरून पडला, तर दिवा विझतो. त्या आठवड्यात बाहेर मासेमारीच्या नावा होत्या. हे सगळं खरं आहे. पण त्याहून खरं हे की डल्सी थांबेल असं मी धरून चाललो. ती नेहमी थांबायची.

तिने चिडून जे म्हटलं ते अक्षरशः बरोबर होतं. तिला ते माहीत नसताना बरोबर होतं, हे मला जास्त लागतं.

रूथला कळवलंय की परीक्षणातून ती दीड पानं काढून टाक, शेवट दाखवला तसाच लिही आणि खाली नोंद कर की समीक्षकाने हे पर्व बहिणीच्या पत्रांतून पाहिलं.

आठ मार्चच्या सुमाराला उतरेन. खालून हाका मारतायत. तुला काय वाटतं ते खरं लिही.

सिरिल

*

कॉव्हेन्ट्री,
१२ फेब्रुवारी १९७५

प्रिय सिरिल,

स. न. वि. वि. हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतेय. तू बोटीतून उतरून दार उघडशील तेव्हा पायाशी पडलेलं असेल. आधी बस, मग वाच.

एक गोष्ट मी तुला कधी लिहिली नाही, कारण तिचा अर्थ मलाच आत्ता, तुझ्या पत्रामुळे लागला. बुधवारी, म्हणजे डल्सी गेली त्याच्या आदल्या दिवशी, एक बाई दाराशी आली. अंगाने भारी, डोक्याला हिरवा रुमाल, हातात अंड्यांची टोपली. डल्सीला भेटायचंय म्हणाली. मला वाटलं चर्चमधली कुणी असेल. मी दोघींसाठी चहा करायला गेले. भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला, तो त्या बाईचा, डल्सीचा नव्हे. जाताना तिने माझा हात दाबून धरला आणि म्हणाली की माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन नीट झालं, देव या घराचं भलं करो. नाव सांगितलं नाही. ती स्पार्गोंची बायको असणार, दुसरी कोण; आणि तू बोट नाकारल्याचं तिला नवऱ्याकडून कळलं असणार.

ती गेल्यावर मी डल्सीला विचारलं, कोण होती. डल्सी म्हणाली की बोटीत माझ्याही माणसाला जागा होती, पण घरी आला तो हिचाच. मला वाटलं गुंगीत बोलतेय. मग म्हणाली की सिरिल असाच आहे, पंचवीस वर्षांपूर्वीही असाच होता, आणि मी डोळे उघडे ठेवून त्याच्याशी लग्न केलं. त्यातलं एक अंडं तिने उकडून मागितलं. आठवडाभरात पहिल्यांदाच पूर्ण खाल्लं.

म्हणजे तिला माहीत होतं, सिरिल. गुरुवारी ती चिडली ती सगळं माहीत असून चिडली. आणि तुला सांगू नकोस म्हणाली, तेही सगळं माहीत असून.

मला काय वाटतं ते विचारलंस. मला वाटतं तू उतरायला हवं होतंस. आणि उतरला असतास तर तू तो माणूस नसतास, ज्याच्यासाठी तिने मला गप्प बसवलं. ही दोन्ही वाक्यं मला एकाच वेळी खरी वाटतात आणि मी ती जुळवायच्या भानगडीत पडत नाही.

चौदा तारखेला वर्ष होईल. शाळेतून आठवड्याची रजा घेतलीय, नऊ मार्चच्या गाडीने येतेय. स्टेशनवर येऊ नकोस, घर उबदार करून ठेव. आपण मिळून तिच्याकडे जाऊ, आणि वाटलं तर काहीच बोलायला नको.

आता आपण दोघंच उरलो, तेव्हा सांभाळून घे.

तुझी बहीण,
आयव्ही