मामांच्या गाडीचा डावा सिलिंडर

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (रागात घातलेला असला तरी नमस्कारच समजावा). तुमचा गुडघा कसा आहे, मामींची झोप कशी आहे, हे विचारायची पद्धत म्हणून विचारतो. माझी तब्येत विचारू नका. ती तुमच्या मोटारसायकलने खाल्ली.

"दोन सिलिंडर आहेत, एक दमला तर दुसरा ओढेल," असं म्हणत तुम्ही सहा महिन्यांपूर्वी किल्ली माझ्या हातावर ठेवलीत. मामा, एक दमलेलाच होता! मंगळवारी हिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. शाळेच्या चढावर गाडी खोकली, अंगभर थरथरली आणि मेली. मागे बसचा हॉर्न, बसमध्ये हिच्याच वर्गातली अर्धी मुलं. ही उतरली, पदर खोचला आणि चढ पायी चढली. पोचली तेव्हा तिचा नंबर पुकारून झाला होता. ती जागा चित्रकलेच्या सरांना मिळाली (ज्यांना शाळेची घंटासुद्धा वेळेवर ऐकू येत नाही). घरी आल्यावर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चार दिवस.

मेकॅनिकने चालू गाडीच्या दोन्ही सायलेन्सरच्या नळ्यांवर पेल्यातलं पाणी शिंपडलं. उजवीवर चर्र झालं, डावीवरून थेंब निवांत ओघळले. "डावा झोपलाय," तो म्हणाला, जणू घरच्या म्हाताऱ्याबद्दल बोलतोय. मग मी चिडून एका दुपारी प्लग, वायरी, कॉइल, फिल्टर, सगळं बदललं, कार्ब्युरेटर धुऊन काढला. गाडी आधी खोकायची, आता तिला उचक्याही लागल्या, आणि त्यातलं कशामुळे काय, हे देवालाही सांगता येईना.

शेवटी ही अंगणात आली. (विज्ञान शिकवते, हे लग्नात तुम्हीच चारचौघांत मिरवलं होतंत.) "एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. नववीतल्या मुलांनाही कळतं हे." चार दिवसांतलं पहिलं वाक्य! तिने उजवा प्लग डावीकडे लावला, डावा थंडच. कॉइलची अदलाबदल केली, तरी थंड. मेकॅनिकला अंगणात बोलावून दोन्ही सिलिंडरमधला दाब मोजून घेतला, दोन्हीकडे सारखा. मग तिने इस्त्रीच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली उचलली आणि गाडी चालू ठेवून कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या डाव्या रबरी नळीवर फुस्स केलं. मामा, दोन श्वासांपुरतं इंजिन असं एकसुरात बोललं की मेकॅनिकने तोंडातली सुपारी थांबवली. मग पुन्हा खोकला. "इथून फुकटची हवा ओढतोय. पाण्याने फट क्षणभर बुजली," ती म्हणाली.

नळी आवळणारा क्लॅम्प सोडला. रबर बोटभर फाटलेलं, आणि त्यावर काळी चिकटपट्टी! वरून काळा रंगसुद्धा मारलेला, कुणाला दिसू नये म्हणून! सख्ख्या भाच्याला असली गाडी देताना तुमचा हात कसा कापला नाही? मी अंगणात तुमच्या नावाने इतका ओरडलो की शेजारचे खिडक्यांत आले. गाडी येऊन घेऊन जा. मला तिचं तोंड बघायचं नाही.

तुमचा (अजून तरी) भाचा

ता. क. गाडी न्यायला येऊ नका. ही आज फाटक्या रबरावर तात्पुरती नवी पट्टी मारून तीच घेऊन शाळेत गेली. दोन्ही बाजूंची नवी रबरं तुमच्या त्या जुन्या दुकानदाराकडून मिळतील तेवढी पाठवा. दोन्ही एकाच वयाची आहेत, तेव्हा उजवंही फार दिवस टिकणार नाही, असं तिचं म्हणणं आहे.

ता. क. २. वरचं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट आठवली. गेल्या वर्षी मित्रांबरोबर फिरायला जाताना मी तुमची गाडी दोन दिवस नेली होती. वाटेत क्लॅम्प आवळताना ते रबर माझ्याच हातून फाटलं. पट्टी मीच मारली, रंगही मीच. तुम्हाला सांगायचं राहिलं (म्हणजे, सांगितलं नाही). मुलाखतीचं तिच्या मनाला अजून लागलंय. तिने विचारलं तर "हो, पट्टी माझीच" एवढंच म्हणा, मामा, पाया पडतो. पण हे तोंडीच म्हणा, पत्रात लिहू नका. घरात आलेली पत्रं तीच उघडते. हे पत्र टाकायलाही उद्या तिच्याच हाती द्यावं लागणार आहे, म्हणून पाकीट तीनदा चिकटवलं आहे.