हँगर कुणाच्या हातात

प्रिय सूनबाई,

पत्र बघून घाबरू नकोस. आम्ही सगळे धडधाकट आहोत, लाँड्री नीट चालू आहे आणि गोळ्या मी वेळेवर घेते. हे आधीच सांगून टाकलं, कारण फोनवर तू याच तीन चौकशांत वेळ घालवतेस आणि मला माझं बोलूच देत नाहीस. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही! सोमवारी तुला तिथल्या मोठ्या साहेबांना कसलं तरी उत्तर द्यायचंय, हे मला कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस, तुझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. त्यावर शेवटी बोलते. आधी गल्लीची हकीकत ऐक, फोनवर तुला ती अर्धीमुर्धीच कळलीये.

लाँड्रीच्या पायरीवर उभी राहून तू सगळ्यांना तुझ्या वीज कंपनीची योजना समजावलीस, तो दिवस मला अजून दिसतो. अंगावर ऑफिसचे कपडे, हातात लेकीचं, आपल्या भिंगरीचं दप्तर. वीज दिवसभर पुरते, पण संध्याकाळी सगळ्या भागात घरं, दुकानं, कारखाने एकदम तिच्यावर तुटून पडतात, मग कंपनीला वस्त्याच्या वस्त्या अंधारात ठेवाव्या लागतात, असं तू सांगितलंस. सात ते नऊ मोठी यंत्रं थांबवा, दिवे-पंखे कुणी बंद करणार नाही, असा शब्द दिलास. चाचणी जमली तर भारनियमन जाईल आणि बाकीच्या वस्त्याही तसंच करतील. नाही जमली तर योजना कायमची गुंडाळली जाईल, हेही तू लपवलं नाहीस. तेव्हा आपला वेल्डिंगवाला ठिणगी काय म्हणाला आठवतं? घरची सून वीज कंपनीत, तरी गल्लीत अंधार तो अंधारच! मी आत चादरींच्या घड्या घालत होते. जिभेवर आलेलं गिळलं, कारण तू हसून त्याला त्याच्याच यंत्राचा हिशोब समजावत होतीस. मला नसतं बाई जमलं.

आणि नेमकं चाचणीच्या तोंडावर तुला मुख्य ऑफिसनं बोलावून घेतलं. जाताना, चाचणी आता तुमच्या हवाली, अशा नजरेनं तू माझ्याकडे बघितलंस, मी मान हलवली. त्या मान हलवण्यात आपण काय कबूल केलंय, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. आपली धुलाईची यंत्रं मी दुपारीच उरकली. साताच्या ठोक्याला गिरणी थांबली, ठिणगीचं वेल्डिंग थांबलं, आइस्क्रीमवाल्या बाईंनी फ्रीझरवर गोधड्या टाकल्या. दिवे चालू, पंखे चालू, पोरं अभ्यासाला बसलेली. मी दारात उभी राहून अशी काही मिरवत होते, की जणू वीज मीच तयार केली!

आणि नऊ वाजले. सगळ्यांनी एकदम बटणं दाबली. गिरणी, वेल्डिंग, चारही फ्रीझर, वर पाण्याचे पंप. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून फाटकन आवाज झाला आणि गल्ली काळीठिक्कर पडली. भारनियमनात निदान सांगून जाते गं, ही न सांगता गेली. ठिणगीनं तुझ्या नावानं जो शंख केला तो पार मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. मी अंधारातच चाचपडत तुला फोन लावला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, आई, चूक माझी आहे. बंद कसं करायचं ते मी सांगितलं, सुरू कसं करायचं ते सांगायचं राहून गेलं. एकदम नको, एकामागून एक सुरू करा. एवढंच. ना कुणाला दोष, ना रडगाणं. त्या अंधारात उभ्या उभ्या मला तुझा इतका अभिमान वाटला, की ठिणगीला सोलून काढायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळे लाँड्रीसमोर जमले. एकामागून एक ठीक, पण आधी कोण? प्रत्येकाला आपलंच घोडं पुढे दामटायचं होतं. माझ्या हातात कोटाचा तो जाड लाकडी हँगर होता, तो काउंटरवर आपटला आणि सांगून टाकलं, हा ज्याच्या हातात असेल त्यानंच बटण दाबायचं. यंत्र नीट लागलं की हँगर शेजारी नेऊन द्यायचा. पहिला मान आइस्क्रीमवाल्या बाईंचा, कारण त्यांचा माल वितळतो. मग गिरणी. ठिणगी शेवटी, कारण लोखंड काही वितळून जात नाही! तो फुगला, पण सगळी गल्ली हसली आणि त्यालाही हसावं लागलं.

त्या दिवसापासून रोज नऊ वाजता आपल्या गल्लीतून हँगरची स्वारी निघते. एकदा गिरणीवाले भाऊ गप्पांच्या नादात तो पिठाच्या डब्यावर विसरले. सगळे खोळंबलेले, ठिणगी दारोदार शोधतोय, आणि शेवटी हँगर सापडला तो पांढराफटक! पण बटण कुणीही चोरून दाबलं नाही हो. ठिणगीनंसुद्धा नाही. परवा तुझे इथले साहेब मीटर बघायला आले. आकडे बघून खूश झाले, चाचणी पास म्हणाले, पुढच्या महिन्यापासून आपल्या भागाचं भारनियमन बंद. ही युक्ती कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डोकं माझ्या सुनेचं, हँगर तेवढा माझा. आणि ठिणगी बघ, छाती पुढे काढून साहेबांना सांगतो, ती आमच्या गल्लीची आहे! मी आत जाऊन डोळे पुसले. इस्त्रीच्या वाफेचं निमित्त केलं.

आता घरचं. तू गेल्यावर पहिले काही दिवस आपल्या घरात संध्याकाळी काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! सात वाजले की भिंगरीचा अभ्यास, तिची भूक, कणीक, भाजी, दूध, माझ्या डोळ्यांत घालायचे औषधाचे थेंब, गिऱ्हाइकांचे फोन, सगळं एकाच वेळी. तुझा नवरा स्वयंपाकघराच्या मधोमध लाटणं घेऊन उभा, आणि मी त्याला ओरडतेय. तू असताना हे सगळं आपसूक व्हायचं असं वाटायचं. आपसूक कसलं! ऑफिसातून येऊन चप्पल काढायच्या आत ते सगळं तुझ्या अंगावर कोसळायचं. कोपऱ्यावर आवाज झाला तेव्हा अख्ख्या गल्लीला कळलं. तुझा मात्र कधी आवाज झाला नाही, म्हणून घरात कुणाला कळलं नाही.

मग जे गल्लीत केलं तेच घरात केलं. भाजी आता मी दुपारीच टाकते. भिंगरी शाळेतून आली की आधी अभ्यास, मग खेळ. पहिले दोन दिवस तिनं घर डोक्यावर घेतलं, आता गुमान बसते. पोळ्या तुझा नवरा करतो. गोल होत नाहीत, पण पोटात गेल्यावर कोण बघतंय! माझे थेंब मीच घालते, निम्मे गालावर जातात तेवढंच. आणि दुसरा एक हँगर स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलाय. ज्याच्या हातात तो, त्या संध्याकाळी घर त्याचं, बाकीच्यांनी लुडबुड करायची नाही.

तेव्हा आता सोमवारचं बोलते. सगळ्या भागात ही योजना तूच चालवावीस, दोन वर्षं तिथे राहावंस, असं तिथल्या मोठ्या साहेबांनी तुला विचारलंय. घरी अडचण आहे म्हणून तू नाही म्हणणार आहेस. ती अडचण म्हणजे मी, माझे डोळे, भिंगरी आणि तुझ्या नवऱ्याच्या पोळ्या, होय ना? त्यासाठीच हे पत्र लिहिलं आणि उद्या तिकडे येणाऱ्या तुमच्या ऑफिसच्या गाडीतून पाठवतेय. अगं, आठवण रोज येणार, भिंगरी रडणार, मीही रडणार, ते लपवत नाही. पण तू सुट्टीला घरी येशील तेव्हा ये ती पाहुणीसारखी आरामात बसायला. कितीतरी गल्ल्यांतली पोरं अजून अंधारात बसलीत, त्यांच्याकडे जा. साहेबांना ताठ मानेनं हो म्हणून सांग. घराचा हँगर दोन वर्षं आमच्याकडे आहे, आणि तू मागितलास तरी आम्ही देणार नाही.

तुझीच,
गल्लीभर तुझा टेंभा मिरवणारी सासू