नऊ वाजताचा फॉगर

५ जानेवारी, सोमवार
आज परत सहाला फॉगर सुटला. बाहेर गवतावर दहिवर, आन् पॉलिहाऊसमदी आमच्या गुलाबांवर वरनं पाण्याची वाफ. काल सांजच्याला मनीषानं माझ्यादेखत काम्प्युटरात नऊ घातलं हुतं. डोंगराआडून ऊन यायला नऊ वाजत्यात. त्याआदी पान भिजलं की डावणीची बुरशी पडलीच. फेब्रुवारीच्या पयल्या आठवड्यात तोडणी. सगळ्या जगाला लाल गुलाब त्याच्या फुडच्या आठवड्यात, व्हॅलेंटाईनला पायजे.
लाईट गेलती. लाईट गेली की काम्प्युटर नऊ इसरतो, सहावर येतो. तिसऱ्यांदा.
मनीषा इचारती, "आत्याबाई, हेपण लिहू?" लिही बाई. मला अक्षर येत न्हाई म्हणून तर शिकलेली सून आणली.

६ जानेवारी
पूर्वीला फोन. मनीषाची पोरगी, माझी नात. फॉगरचं काम्प्युटरातलं हिनंच बनवलंय.
"आजी, सेटिंग प्रोग्रॅम बंद करताना सेव्ह होतं. लाईट गेली की तो नीट बंद होत नाही ना."
मग बंद कवा करायचा?
"तो... बंद करायचाच नाही. फॉगर कोण सोडणार मग?"
ऐका. जे कधी बंद करायचं न्हाई, ते बंद करताना ध्यानात ठेवणार! तुझा आजा असाच. सांगायचं ते सगळं निघताना, फाटकापाशी. शेवटी दवाखान्यातनं आलाच न्हाई, सांगायचं तितंच राहिलं.
मी बोलते तवाच मनीषा लिहिती. मी गेल्यावर लिहीन म्हटली, तर वहीत काय उमटंल? उदबत्तीचा वास.

१० जानेवारी, शनिवार
पूर्वी बेगडेवाडी टेसनाला उतरून थेट शेडमदी. आता आकडा बदलला की त्याच दमाला पक्का. मी वायर उपटायला लावली, परत लावायला लावली. नऊ! शाणी झालीस म्हटलं.
"पण आजी, यात एक धोका आहे..."
आदी पिठलं खा.

१३ जानेवारी, भोगी
शेंगा सोलायचं चुकवून शेडमदी बसले. काम्प्युटरापुढची खुर्ची गोल फिरती. बाकी काई न्हाई.

१६ जानेवारी
चार नंबरच्या बेडला पानांवर जांभळे डाग. डावणी. काम्प्युटरात बघितलं, तर बाकी सगळ्या बेडना नऊ, चार नंबरला पाच. तीन दिस पहाटं पाचला भिजत हुता.
मनीषा पूर्वीला फोनवर लय बोलली. "जमत नसेल तर हात लावू नये माणसानं." तिकडं पोरगी रडली असंल, आवाज बारीक झाला. मनीषानं औषध मारलं. तिळगूळ डब्यात तसाच.

१७ जानेवारी
आज लिहायचं न्हाई.
"असं कसं? रोज तर माझा हात दुखेपर्यंत..."
डोकं दुखतंय. एवढं लिही आन् मीट वही.

१८ जानेवारी, रविवार
पूर्वी आली. सकाळपासनं तोंड पाडून काम्प्युटरापुढं आपली चूक हुडकतीय. घावत न्हाई. घावंल कशी?
मनीषाला म्हटलं, वही घे.
"आत्ता? भाकऱ्या व्हायच्यात."
आत्ताच. लिही. भोगीला मी माऊसच्या पाठीवरचं चाक फिरवलं. आकडा पळायला लागला, मौज वाटली. चष्मा घरी. अंदाजानं परत फिरवलं. बटण एकबी दाबलं न्हाई, न दाबता कशाला पक्कं हुतंय म्हटलं.
पेन थांबलं. थांबू नको, फुडं लिही. पूर्वीची चूक न्हाई. मला शुक्रवारीच कळलं हुतं. पोरीला बोलणी बसली तरी मी गप ऱ्हायले.
मनीषानं सगळं लिहिलं. उठून शेडमदी गेली, पूर्वीच्या पाठीवर हात ठिवला.
पूर्वीच मग हसत आली. "आजी, हाच तो धोका. तू म्हणालीस पिठलं खा."

२५ जानेवारी, रविवार
आता आकडा बदलला की काम्प्युटर इचारतो, ठेवू का? व्हय दाबल्याबिगर पक्कं न्हाई. आन् त्यानं इचारल्यावर, आपण व्हय दाबायच्या आत लाईट गेली तर? पूर्वीनं तोंडात तिळगूळ टाकला.
चार नंबरच्या निम्म्या काड्या छाटल्या. उरलेल्यांना वाटाण्याएवढ्या कळ्या. तोडणीला येत्याल का, आत्ता कोण सांगणार.
दोन दिस धुकं हटत न्हाई. मनीषा आत्ताच अकरा घालून आली.
व्हय दाबलंस?
"दाबलं बहुतेक."
बहुतेक!
आन् गेली लाईट. देव्हाऱ्यातला लाईटचा दिवा इझला, शेडमदला पंपबी गप. तिघीजणी शेडच्या दारात बसलोय, वही मनीषाच्या मांडीवर. लाईट आली की कळंल, अकरा हाय का नऊ. आज मी चष्मा घेऊन आलेय.