धूळ बाहेरूनच येते

१४ एप्रिल, जळगाव

आलो एकदाचे! तिसऱ्या मजल्यावरचा नवा कोरा फ्लॅट. बायको रूपा खूश, आणि आमची पाच वर्षांची रुची तर मोकळ्या खोल्यांतून नुसती धावत सुटली. एमआयडीसीतल्या विनाइल फ्लोअरिंगच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर म्हणून मी आजच रुजू झालो. मालकांनी स्वागत म्हणून सागवानी डिझाइनचे चार रोल घरी पाठवले. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरून घेतले. घराला नव्या गाडीचा वास येतोय. नुसत्या फरशीवर गोधडी टाकून लोळणाऱ्या या गावाला त्याचं काय? गाढवाला गुळाची चव काय!

१९ एप्रिल

ऊन त्रेचाळीस. इथली रीत अशी की सकाळी दहाला खिडक्या बंद, आणि ऊन उतरलं की सगळं सताड उघडून, गाद्या डोक्यावर घेऊन गच्चीकडे वरात. दिवेलागणीला जिन्यात उशा-चादरींची ही गर्दी! मला हसू आवरेना. हायवेवरच्या ट्रकांची धूळ खायला वर कोण जाईल? मी खिडक्यांच्या फटींना टेप मारून टाकली. एसी आहे, पुरे.

२६ एप्रिल

टेप असूनही टेबलावर धूळ. करडी, बोटाला जराशी तेलकट. कामाला येणाऱ्या बेबाबाई मूळच्या साक्रीकडच्या. मला म्हणतात कशा, "भाऊ, बठ्ठी धूय घरमानीच शे, बाहेरनी नही." म्हणजे सगळी धूळ म्हणे घरातलीच! वर ओलं फडकं मारून टेप काढली आणि खिडकी उघडली. मी लगेच बंद केली. शाळेची पायरी न चढलेली बाई मला, एम.एस्सी. झालेल्याला, धूळ शिकवणार!

रुचीला शिंका येताहेत. हवा बदलली की होतंच.

३ मे

रुचीच्या छातीत घरघर, कोपरांच्या आत लाल चट्टे. डॉक्टरांचं म्हणणं असं की प्लास्टिक मऊ ठेवायला जी रसायनं घालतात, ती उष्णतेने सुटतात, घरातल्या धुळीला चिकटतात आणि जमिनीवर खेळणाऱ्या पोरांच्या छातीत जातात. फ्लोअरिंग उचला, खिडक्या उघडा, म्हणाले. दम लागला की तोंडात मारायचा पंप लिहून दिला. मी माझं व्हिजिटिंग कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. उंटावरचे शहाणे! माझ्याच मालाबद्दल मला ऐकवतात.

घरी येताच रूपा फ्लोअरिंग उचकटायला बसली. मी ओरडलो. मालक रविवारी जेवायला यायचेत, त्यांना काय उघडी फरशी दाखवू?

९ मे

बेबाबाईंना काढलं. माझ्यामागे खिडक्या उघडत होत्या. जाताना विचारलं काय, तर पोरीला चार दिवस आमच्या घरी, गच्चीवर झोपायला नेऊ का. आगाऊपणाची हद्द!

हॉलच्या मधोमध फ्लोअरिंग फुगलंय. लहान मूल पांघरूण घेऊन निजावं, तेवढा उंचवटा. पाय दिला की बसतो, काढला की वर येतो. इथल्या कारागिरांकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.

१३ मे

उंचवटा सरकला. आता रुचीच्या पलंगाला टेकलाय.

कटरने चीर देऊन पाहिलं. खाली फक्त धूळ. हात घातला तर कोमट. अंगाला ताप असतो तशी.

रुची खोकली की तो हलतो. मी घाबरलोय. हे इथेच लिहितो, कारखान्यात सांगितलं तर हसतील. ज्यांना मी हसतो तेच हसतील.

१५ मे, दुपार

उंचवटा श्वास घेतोय. वर-खाली. वर-खाली. रुचीपेक्षा सावकाश. तिच्यापेक्षा खोल—

रूपाला दाखवलं. म्हणते, काही नाहीये तिथे, पोरीकडे बघा. तिला फक्त पोरगी दिसते. अडाणी—

ती म्हणते दवाखान्यात नेऊ. मी म्हणालो उद्या.

१६ मे

पंप संपला. रूपा रिक्षा आणायला खाली पळाली. तिच्यामागे कडी घातली, फटीला टेप. नाहीतर बाहेरची धूळ—

दार बडवताहेत. रूपा. शेजारीपण. बडवा म्हणावं. उघडलं की आत येईल सगळी—

फ्लोअरिंग वर-खाली. शांत. मोठा श्वास—

रुचीचा खोकला थांबला. बघा! औषध नाही, गच्ची नाही, काही नाही. मला शिकवत होते—

पण तिच्या ओठांवर धूळ बसलीय. करडी, बारीक. एवढी हलकी धूळ. तिच्या श्वासाने उडायला हवी. मी कधीचा बघतोय. निदान हलायला तरी—