सतरंजीचं दुसरं टोक

मंगळवार, संध्याकाळ. लाखांदूर.

आज बैठकीत आमच्या वामनकाकांचं तालुकाध्यक्षपद गेलं. येत्या निवडणुकीत युती करा, हे त्यांचं म्हणणं. स्वबळावर लढू, हे आमचं. मीही त्यांच्याविरुद्ध हात वर केला. मत अजूनही तेच आहे. मग मले चैन काहून पडत नाही?

बैठक संपली की सतरंजीची घडी आम्ही दोघंच घालतो. एक टोक काकांचं, दुसरं माझं. आज मी नव्या अध्यक्षासोबत फोटोत घुसलो. काका मागून म्हणाले, "सरका जी जरासे, सतरंजी उचलाची आहे." सरकलो. टोक मात्र धरलं नाही.

फोटो आताच ग्रुपवर आला. मी दात काढून हसून राहिलो. मागे काका दोन्ही टोकं एकटेच जुळवून राहिले.